वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली : गरम पाण्याच्या कुंडांबद्दल ठाणेकर नेहमी विचारतात ते प्रश्न

डिसेंबर लागला, पाचपाखाडीच्या चौकात सकाळी कानटोप्या दिसायला लागल्या, की माझा फोन वाजायला लागतो. "अरे, ते वज्रेश्वरीला जायचं होतं, कसं जायचं?" माझी आजी गुडघेदुखीसाठी दर थंडीत तिथे जायची आणि लहानपणी मला पिशवी धरायला बरोबर न्यायची. त्यामुळे मित्रमंडळींत या विषयातला जाणकार मीच ठरलो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून सगळं एकदाचं लिहून ठेवतोय.

हे नक्की आहे कुठे? ठाण्याहून किती वेळ लागतो?

ठाणे जिल्ह्यातच, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावं दोन-तीन किलोमीटरच्या टापूत आहेत. आसपास मिळून वीसेक गरम झरे आहेत असं सांगतात. काही बांधून काढलेले आहेत, काही नुसते डबक्यासारखे.

ठाण्याहून अंतर साधारण ४५ किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर सव्वा तासात पोचता. सकाळी नऊला निघालात तर किती वेळ लागेल ते मला विचारू नका, माजिवड्याच्या पुलाला विचारा.

रस्ते दोन. पहिला माजिवड्याहून नाशिक महामार्गाने, भिवंडी ओलांडून वाडा रोड, मग अंबाडी नाक्यावरून डावीकडे. दुसरा घोडबंदर रोडने अहमदाबाद महामार्गाला लागून शिरसाड फाट्यावर उजवीकडे, मग पारोळ, उसगाव करत वज्रेश्वरी. अंतराने पहिला जवळ, पण वाडा रोडच्या खड्ड्यांची कीर्ती तुम्ही ऐकली असेलच. मी जाताना अंधारात खड्डे नकोत म्हणून शिरसाडवरून जातो आणि येताना उजेडी अंबाडीवरून येतो. बाळकुम, कशेळी, काल्हेर हा जुना रस्ता जवळचा वाटतो, पण तिथल्या गोदामांच्या ट्रकांमागे एकदा अडकलात की कुंडाचं पाणीसुद्धा थंड होईल.

गाडी नाही. एसटीने जमेल का?

जमेल. आजी आणि मी कायम लाल डब्यानेच गेलो. वाड्याकडे जाणारी एसटी धरून अंबाडी नाक्यावर उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. भिवंडी, वसई आणि विरारहूनही वज्रेश्वरीला गाड्या आहेत. फक्त परतीची वेळ उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा. संध्याकाळी रिक्षा कमी होतात आणि मग मीटरपेक्षा तुमच्या चेहऱ्याकडे बघून भाडं सांगतात.

कुठल्या महिन्यात जावं? कुठल्या वारी?

डिसेंबर, जानेवारी. वार रविवार सोडून कुठलाही. वेळ पहाटेची.

या पहाटेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच चुकतात. सकाळी साडेपाच-सहाला कुंडाच्या पाण्यावरून वाफ उठत असते. आदल्या दिवसाची घाण रात्रभरच्या वाहत्या पाण्याने गेलेली असते. काठावर गावातली चार म्हातारी माणसं, एखादा देवस्थानी आलेला भक्त आणि तुम्ही. कोणी मोठ्याने बोलत नाही. पायरीवर बसून आधी घोटे बुडवायचे. पहिल्यांदा चटका बसतो, पाय आपोआप वर येतो. पुन्हा घालायचा. तिसऱ्या वेळी पाय आत राहतो आणि मग पोटऱ्यांत काहीतरी सैल होतं. आजी त्या क्षणी "हां…" म्हणायची, एवढंच. त्याच कुंडावर रविवारी दुपारी बारा वाजता गेलात तर मुलं उड्या मारत असतात, कोणी शांपूची पुडी फोडत असतं, आणि तुम्ही परत येऊन सांगता की "काही नाही रे, उगाच नाव आहे."

मे महिन्यात जाऊ नका. बाहेर घाम आणि आत उकाडा. चैत्र अमावस्येची जत्रा बघायची असेल तर वेगळी गोष्ट. देवीची पालखी निघते, गर्दी तुडुंब असते, पण ते आंघोळीचे दिवस नव्हेत. नवरात्रातही तसंच.

तिथे खरंच स्पा आहे का? युरोपात असतात तशी शहरं, तसं काही?

नाही. आणि ही अपेक्षा घरी ठेवून निघालात तरच मजा येईल.

इंग्लंडमधलं बाथ शहर घ्या. रोमन लोकांनी बांधलेली स्नानगृहं, ४६ अंशांचा झरा, दिवसाला दहा लाख लिटरहून जास्त पाणी, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या अकरा स्नाननगरींना मिळून जागतिक वारशाचा मान दिला त्यातही ते आहे. पण गंमत अशी की तिकीट काढून त्या रोमन कुंडापाशी गेलात तरी पाण्यात हात घालायचा नाही. बघायचं आणि पुढे चालायचं. आंघोळीसाठी वेगळी नवी इमारत, वेगळं तिकीट.

आपल्याकडे उलटं. फरशी फुटलेली, भिंतीवर जुना रंग, कपडे बदलायला आडोसा असला तर नशीब. पण पाण्यात पाय घालायला कोणी अडवत नाही. कारण ते पर्यटनस्थळ व्हायच्या कितीतरी आधीपासून गावाची न्हाणी आहे. मला विचाराल तर हे एकच लक्षात ठेवून जा: आपण दुसऱ्याच्या न्हाणीत चाललोय. मग आवाज किती करायचा, फोटो कोणाचे काढायचे, साबण लावायचा की नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी गरम कशामुळे? खाली ज्वालामुखी आहे का?

नाही, घाबरू नका. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्हाचा आहे हे खरं, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच गार झाला. होतं असं की पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल खोल उतरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तशी उष्णता वाढते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं आणि वाटेत खडकातले क्षार घेऊन येतं.

अशा झऱ्यांची एक रांगच किनाऱ्याला समांतर आहे. पालघरमधलं कोकनेर, हालोली, सातिवली, मग आपली ही तीन गावं, पुढे रायगडात पाली आणि सव, रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, थेट राजापूरपर्यंत. या पट्ट्यात ३४ पासून ७१ अंशांपर्यंत तापमान मोजलेलं आहे. गावांची नावं बघा ना: उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ऊन म्हणजे गरम. आजीसुद्धा "ऊन पाणी घे" म्हणायची, गरम पाणी नाही.

गावातली कथा वेगळी आहे. देवीने राक्षस मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे पाणी. लहानपणी मी ती ऐकली आणि त्या दिवशी कुंडात उतरलोच नाही.

गंधकाचं पाणी आहे, त्वचारोग बरे होतात, हे खरं का?

गंधकाचा हलकासा वास येतो, विशेषतः पहाटे. पण "गंधकाचं पाणी" हा जरा वाढवून सांगितलेला प्रकार. कोकणातल्या या झऱ्यांची तपासणी झालेली आहे, त्यात मुख्यतः सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड, म्हणजे साध्या भाषेत खारट पाणी निघतं. तरी चांदी काढून ठेवा. आमच्या घरातली जोडवी एकदा काळपट होऊन आली, मग चिंच आणि राख घेऊन बसावं लागलं.

गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, दुखणं काही वेळ थांबतं, झोप चांगली लागते. हे मी आजीच्या गुडघ्यांवर बघितलंय. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून भिवंडीपर्यंत झोपायची. पण सोरायसिस गेला, डायबेटिस उतरला, असलं कोणी सांगत असेल तर मान डोलवा आणि आपल्या डॉक्टरची गोळी चालू ठेवा.

पाणी पिऊ शकतो का?

नाही.

पाणी किती कडक असतं? किती वेळ बसायचं?

सगळी कुंडं सारखी नाहीत. एकाच आवारात एक कोमट, एक सोसेल इतकं आणि एक हात लावला तरी चटका देणारं, असं असतं. गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाशेजारची कुंडं या बाबतीत बघण्यासारखी. आधी हाताने बघा, मग पायाने, आणि स्थानिक माणूस ज्यात उतरलाय त्यातच उतरा. दहा मिनिटं पुरे. मग बाहेर येऊन बसा, बरोबर आणलेलं पाणी प्या, वाटलं तर पुन्हा पाच-सात मिनिटं. एकदम उठून उभं राहू नका. गरम पाण्यातून झटकन उठलं की भोवळ येते आणि कुंडाच्या पायऱ्या शेवाळी असतात. माझा मेहुणा, वजन नव्वद किलो, असाच बसला होता तिथून थेट खाली आला. सुदैवाने फक्त अभिमान दुखावला.

कोणी उतरू नये?

गरोदर बायका, हृदयविकार असलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, आणि पोट भरून मिसळ खाऊन आलेले. मधुमेही माणसांनी विशेष जपावं. पायांची संवेदना कमी असेल तर भाजतंय हे कळत नाही आणि घरी आल्यावर फोड दिसतात. उघडी जखम असली तरीही नको. लहान मुलांना कोमट कुंडात, तेही आपल्या हाताला धरून.

एक गोष्ट मी सगळ्यांना बजावतो: डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. अशा कोमट पाण्यात एक प्रकारचा अमीबा वाढू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. क्वचित घडतं, पण घडलं तर फार वाईट. वर ज्या बाथच्या कुंडांबद्दल लिहिलं, ती आंघोळीला बंद झाली त्याचं कारणच हे. १९७८ मध्ये तिथे पोहलेली एक मुलगी याच आजाराने गेली. म्हणून उडी नाही, डुबकी नाही. गळ्यापर्यंत बसायचं, बस.

बायकांची सोय कशी आहे?

खरं सांगायचं तर उघड्या कुंडांवर बेताचीच. पहाटे गावातल्या बायका साडीतच येतात आणि कोणी ढुंकून बघत नाही, दुपारच्या गर्दीत मात्र संकोच वाटतो. आमच्याकडच्या बायका गडद रंगाचा सलवार-कमीज घालून उतरतात आणि वरून टॉवेल. पाय बुडवून बसायचं असेल तर काहीच अडचण नाही. पूर्ण आंघोळ करायची असेल तर अकलोलीच्या बाजूला तासावर मिळणाऱ्या खोल्या आहेत, त्यात टबात झऱ्याचं पाणी सोडतात.

त्या खोल्यांत खरंच झऱ्याचं पाणी असतं का?

चांगला प्रश्न. बहुतेक ठिकाणी असतं. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, आम्ही चांगले पैसे मोजून टबात बसलो आणि पाच मिनिटांनी वरच्या माळ्यावरून गिझरचा टिकटिक आवाज आला. तेव्हापासून माझी परीक्षा ठरलेली आहे. पैसे देण्याआधी नळ सोडायला सांगायचा आणि हात धुवायच्या साबणाची वडी फिरवायची. क्षारांचं पाणी असलं तर फेस येतच नाही, नुसती पांढरट चिकटी येते. भरघोस फेस आला की समजायचं, हे पाणी झऱ्याचं नव्हे. ही परीक्षा खोलीतच करायची, कुंडावर साबण अजिबात काढायचा नाही.

वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं का दिसतं?

कारण ते नवसाचं देऊळ आहे, आणि नवस किल्ल्यासाठी होता.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. देवीचं मूळ ठाणं इथून उत्तरेला गुंज इथे होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं आणि देवी इकडे आली. गावाचं तेव्हाचं नाव वडवली. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली. त्यातच आपला ठाण्याचा किल्ला आला, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो. तलावपाळीवर फिरणाऱ्या किती जणांना माहीत असतं की जेलच्या त्या भिंती किल्ल्याच्या आहेत? मग उरली वसई, आणि ती काही केल्या हाती येईना. चिमाजी आप्पांचा तळ वडवलीला होता. वसई सर होऊ दे, तुझं किल्ल्यासारखं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी बोलला अशी कथा आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ उभं केलं. नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला.

म्हणून समोर उभं राहिलं की आधी तटबंदी आणि दगडी पायऱ्या दिसतात, देवळाचा कळस नंतर. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेलं आहे. लोक त्याला हात लावून पुढे जातात, तुम्ही घाईत असलात तर चुकतं. जुनी माणसं देवीला वज्राबाई म्हणतात. देवळामागच्या टेकडीवर गोधडेबुवांची समाधी आहे. पाय चालत असतील तर जरूर जा, वरून तानसेचं वळण दिसतं.

आईचे गुडघे दुखतात. पायऱ्या जमतील का?

पायऱ्या ५२ आहेत, दगडी आणि थोड्या उंच. माझी आजी सत्तरीतही चढायची, पण क्रम तिने ठरवलेला होता: आधी कुंड, मग देऊळ. पाय शेकलेले असताना चढायचे. तुमच्या आईंना अगदीच नको वाटलं तर खालून हात जोडले तरी चालतं.

गणेशपुरीत काय बघायचं?

नित्यानंद बाबांची समाधी. १९३६ च्या सुमारास ते इथे आले तेव्हा सगळं रान होतं. भीमेश्वराचं देऊळ आणि कुंडं यांच्या आसऱ्याने ते राहिले आणि त्यांच्यामागे गाव वाढलं. ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांचा वावर केरळात, कान्हंगडकडे होता, त्यामुळे गणेशपुरीत अजूनही कानडी, तुळू, मल्याळम कानावर पडतं. वाडा-भिवंडीच्या मधल्या गावात सकाळी आठला कोणी तुळूत गप्पा मारतंय, हे पहिल्यांदा ऐकलं की गंमत वाटते. गुरुपौर्णिमा आणि पुण्यतिथीला मात्र गाडी लावायला जागा नसते.

जवळच त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रम आहे, एके काळी तिथे परदेशी साधकांची रीघ असायची. तो सहज डोकावून येण्याचा प्रकार नाही, फाटकावरून परत यावं लागतं. त्यावर दिवस ठरवू नका.

तानसा नदीत पोहता येईल का?

नका. पावसाळ्यात नदीकाठची कुंडंच पाण्याखाली जातात, तर माणसाची काय कथा. आणि वर तानसा धरण आहे. मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारं हे धरण भरून वाहू लागलं की खालचं पात्र बघता बघता चढतं.

खायचं काय?

गणेशपुरीत इडली, आणि ती चांगली असते. कारण वर आलंच आहे, बाबांमागे आलेली दाक्षिणात्य मंडळी. वज्रेश्वरीत देवळाखाली वडापाव, मिसळ, चहा. उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी रस्त्याकडेला आदिवासी बायका करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणात घेऊन बसतात. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, नंतर कर्टुली, टाकळा. घासाघीस करू नका हो. गोखले रोडवर कॉफीला किती देता ते आठवा.

आम्ही नवी मुंबईत राहतो. आम्हाला एवढ्या लांब यावंच लागेल का?

ऐरोली, घणसोलीवाल्यांना विटावा, कळवा, खारेगाव करून महामार्गाला लागता येतं, फार लांब नाही. पण बेलापूर, खारघर, पनवेलकडच्यांनी सरळ पालीला जावं. बल्लाळेश्वराचं दर्शन आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर उन्हेऱ्याची कुंडं. पाणी तिथलंही झकास.

बरोबर काय न्यावं?

गडद रंगाचे जुने कपडे, दोन टॉवेल, रबरी चपला, पिण्याचं पाणी, सुटे पैसे, ओले कपडे घालायला प्लॅस्टिकची पिशवी. शांपू, साबण आणि स्पीकर घरी.

येताना काय आणावं?

तांदूळ. अंबाडी नाक्यावर वाडा कोलम मिळतो, त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नावाचा माल सगळीकडेच खपतो, म्हणून मूठभर घेऊन तळहातावर पसरून बघा: दाणा बारीक, आखूड, आणि नाकाशी नेला की मंद वास. आजी दोन दाणे दाताखाली फोडून बघायची आणि दुकानदाराकडे न बघताच "पाच किलो" म्हणायची. ती पिशवी मग ठाण्यापर्यंत माझ्या मांडीवर.